भाऊजींची पारख

आमच्या भाऊजींनी उभ्या आयुष्यात कुणाचं मन राखलं नाही. मन राखणं त्यांना जमत नव्हतं असं म्हणणं चूक आहे. त्या गोष्टीचा त्यांना संताप होता. लोक चोरी, चहाडी, लाचलुचपत यांना पाप मानतात, तसं भाऊजी ‘वा, छान’ याला पाप मानत. बुलढाण्यात कुणाची भागीदारी मोडायची असली, जमलेलं लग्न फिसकटवायचं असलं, किंवा वास्तुशांतीच्या दिवशी घरमालकाला रडवायचं असलं, तर भाऊजींना जेवायला बोलवावं आणि हात धुता धुता ‘कसं वाटलं?’ एवढंच विचारावं. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. लग्नानंतर ताईनं पहिल्यांदा पुरणपोळी केली तेव्हा सगळं घर त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलं होतं. त्यांनी एक घास खाल्ला, थोडा वेळ चावत विचार केला आणि म्हणाले, “भूक आहे म्हनून जाते.” ताई आत जाऊन रडली. पुढे ती रडायची थांबली, आणि तिच्या पुरणपोळ्या सगळ्या गावात नावाजल्या गेल्या. पण भाऊजींनी आपला निकाल बदलला नाही.

पेशानं ते आमच्या गावातल्या एका शाळेत ड्रिल मास्तर होते. लढाईच्या काळात फौजेत गेले, तिथे हॉकी शिकले, आणि परत येताना एक लंगडता गुडघा, थोडी हिंदी आणि एवढा एक खेळ घेऊन आले. आमच्या भागात तेव्हा पोरांचा ओढा कबड्डी आणि कुस्तीकडे. हॉकी म्हणजे बोरीची वाकडी फांदी तोडून चिंध्यांचा चेंडू बडवणं, एवढीच आमची कल्पना. भाऊजींनी शाळेमागच्या मुरमाड माळावरचे गोटे पोरांकडून वेचून घेतले, चुन्याच्या रेघा मारल्या आणि तिथे वीस-पंचवीस वर्षं राज्य केलं. आमचा जिल्हा नुकताच महाराष्ट्रात आला होता तेव्हाची गोष्ट. गावात मिरवणुका निघाल्या, पेढे वाटले गेले. भाऊजींना कुणीतरी पेढा देऊन विचारलं, “मास्तर, आता आपल्या पोरायले बरे दिवस येतीन ना?” भाऊजींनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, “आधी आपल्या पोरायले नागपूरवाले नापसंत करत. आता मुंबईवाले करतीन.”

त्यांच्या लेखी जगात माणसांच्या जाती अकराच होत्या, आणि त्या हॉकीच्या मैदानावर आपापल्या जागी उभ्या असत. तहसीलदार लेफ्ट आऊट होता, कारण तो कडेकडेनं पळायचा आणि मध्ये कधी यायचा नाही. आमच्या गल्लीतला किराणावाला गोलकीपर, कारण त्याच्याकडून काही सुटायचं नाही. माझ्यासाठी मुलगी पाहायला आम्ही मेहकरला गेलो, तेव्हा सगळे मुलीकडे पाहत होते आणि भाऊजी मुलीच्या वडिलांकडे. परतताना मोटारीत माझ्या आईनं भीतभीत विचारलं, “जावईबापू, कसं वाटलं?” भाऊजी म्हणाले, “बाप बॅक आहे. जाग्यावरून हालनार नाई. पुढं याची वेळ आली का मांगं पाहीन.” लग्न तरीही झालं. माझे सासरे नंतर माझ्या आजारपणात, मुलांच्या बारशात, मेहुण्याच्या भांडणात, कुठेही जागचे हलले नाहीत. त्याच मोटारीत मी हौसेनं विचारलं होतं, “आणि मी कोण, भाऊजी?” ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “तू एक्स्ट्रा. बाहीर बसून टाळ्या वाजवाले बी कोनी लागते.” मी गणिताचा मास्तर. जन्मभर दुसऱ्यांची उत्तरं तपासत बसलो. तेव्हा त्यातही फारसं चुकलं नव्हतं.

मॅच पाहण्याची त्यांची तऱ्हा अशी, की मैदानाच्या कोपऱ्यात निंबाखाली ते उकिडवे बसत आणि चेंडूकडे बघतच नसत. गोल व्हायचा, मैदान ओरडायचं, टोप्या उडायच्या, आणि भाऊजी शेजारच्याला विचारायचे, “काय झालं?” एकदा मी म्हटलं, “अहो, चेंडू पाहायचा सोडून तुम्ही पाहता तरी काय?” तर माझ्यावरच उखडले. “बॉल तं कुत्रं बी पाह्यते बे! ज्याच्यापाशी बॉल नाई तो काय करून राह्यला, ते पाहा लागते.” चेंडू पलीकडच्या टोकाला असताना जो पोरगा कमरेवर हात ठेवून उभा राही, त्याचं नाव त्यांच्या मनातून त्याच क्षणी पुसलं जाई, मग त्यानं पुढच्या मिनिटाला गोल का मारेना. 

ज्या पोरांबद्दल मनाचा निर्णय होत नसे त्यांना ते घरी जेवायला बोलवत. बिचारी पोरं मास्तरांनी जेवायला बोलावलं म्हणून धुतलेले कपडे घालून येत. ताई भाकरी, ठेचा, वरण वाढी. पोरगं खाली मान घालून जेवायला लागलं की भाऊजी त्याच्यामागे जाऊन पितळेचा तांब्या फरशीवर टाकत. पोरगं दचकून आधी मान वळवतं की आधी हात पुढे करतं, हे त्यांना बघायचं असे. त्या घरातला एकही तांब्या पोचा आल्यावाचून राहिला नाही. ताई म्हणे, “पोरं पाहाचे तं मैदानात पाहा. माह्ये भांडे काऊन फोडता?” हा सगळा खटाटोप झाल्यावर निकालाचे शब्द दोनच: ‘चालते’ किंवा ‘नाई चालत’. ‘चांगला’ हा शब्द नाही, ‘प्रयत्न कर’ नाही, ‘पुढच्या वर्षी पाहू’ तर नाहीच नाही.

आणि वैताग हा, की ते चुकत नसत. ज्याला त्यांनी ‘चालते’ म्हटलं तो पुढे पोलिसांकडून, नाहीतर एखाद्या गिरणीकडून खेळला. ज्याला ‘नाई चालत’ म्हटलं त्याची स्टिक लवकरच माळ्यावर पडली. ही कीर्ती पसरली तशी लोक पोरं घेऊन लांबून यायला लागले. वडनेर भोलजीहून एक मोठे जमीनदार आपल्या मुलाला घेऊन आले होते. पोराच्या पायात कातडी बूट, हातात पंजाबातून मागवलेली स्टिक, आणि बरोबर आंब्याची एक करंडी. भाऊजींनी पोराला मैदानात पंधरा मिनिटं पळवलं आणि बापाला म्हणाले, “याले दुकान काढून द्या. बोलते गोड.” जमीनदार लालेलाल झाले. करंडी त्यांनी उचलून परत गाडीत ठेवली. ताईला आंब्यांचं फार वाईट वाटलं.

खोटी आशा लावण्याचा हा तिटकारा त्यांना कुठून आला ते त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. मला ताईनं सांगितलं. फौजेत असताना त्यांच्या पलटणीच्या टीमचा एक साहेब होता. तो रोज संध्याकाळी भाऊजींच्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, “बहुत अच्छे, जवान. इस साल पक्का.” त्या ‘पक्का’वर भाऊजी दोन-तीन वर्षं जगले. सुट्ट्या घेतल्या नाहीत, आई वारली तेव्हाही वेळेवर आले नाहीत, दुखऱ्या गुडघ्यावर पट्टी बांधून पळत राहिले. शेवटी गुडघा गेला. दवाखान्यात भेटायला आलेल्या त्याच साहेबाला त्यांनी विचारलं, की मी कधी तरी टीममध्ये येणार होतो का? साहेब सहज म्हणाला, “नहीं, लेकिन तुम्हारा दिल क्यों तोड़ता?” ताई म्हणायची, तेव्हापासून या माणसानं दिल तोडायचा धंदाच काढला.

आता विनूकडे येतो. विनू म्हणजे भाऊजींचा आणि ताईचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा. काही पोरांना खेळ उपजत असतो, तसा तो विनूला नव्हता. त्यानं तो विहिरीसारखा खणून काढला होता. आमच्या बुलढाण्याची हिवाळ्यातली सकाळ म्हणजे बोटं वळत नाहीत अशी. त्या थंडीत तो शाळेच्या मागच्या भिंतीवर चेंडू आपटत असे. आधी उजव्या बाजूनं, मग डाव्या, मग स्टिक उलटी धरून. त्या भिंतीचा गिलावा एका ठिकाणी पार निघून गेला आणि हेडमास्तरांनी भाऊजींना तंबी दिली. भाऊजी त्याला सगळं शिकवत. त्याच्या मनगटाला धरून चेंडू कसा थांबवायचा ते दाखवत, तो पडला की उचलत नसत, पण का पडला ते सांगत. मात्र त्या दोन शब्दांपैकी एकही शब्द त्यांनी विनूसाठी कधी उच्चारला नाही. गावोगावच्या पोरांना घटकाभरात निकाल मिळे. पोटच्या पोराचा निकाल राखून ठेवलेला. विनूनं विचारलं नाही. ताई विचारी, आणि भाऊजी म्हणत, “पाहून राह्यलो अजून.” ताईनं याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला. कुणी विचारलं तर ती सांगे, “आमच्या विनूचं त्याहीच्या मनात आहे, फक्त तोंडातून निघत नाई.”

त्याच सुमारास उंद्रीचा पुंडलिक शिकायला बुलढाण्यात आला आणि वसतिगृहात राहू लागला. त्याचे वडील नागपूरला जाऊन धम्म घेऊन आलेले. दुसऱ्याच्या शेतात राबत, पण पोरानं शिकलंच पाहिजे हा ध्यास. पुंडलिक अंगानं काडी, आणि सदा हसरा. भाऊजींनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते मैदानात नव्हे, आठवडी बाजारात. डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन तो बैलगाड्या, म्हशी, सायकली आणि भाजीवाल्या बायांच्या मधून मित्राशी गप्पा मारत चालला होता आणि कुठेही थबकत नव्हता, कुणाला धक्का लागत नव्हता. भाऊजी हातातली पिशवी माझ्याकडे देऊन त्याच्यामागे निघाले. बाजाराच्या टोकापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, “चालते.” पोरानं तोवर हॉकीची स्टिक हातात धरली नव्हती!

वर्षभरात तो भाऊजींच्या टीमचा कणा झाला. विनू आणि तो जिवलग मित्र. ताईच्या हातचं जेवून, तांब्या पडला तरी न दचकता पुंडलिक म्हणायचा, “काकू, तुमचा तांब्या पडला.” ताईही हसायची. खेळतानाही हा हसायचा. तीन जणांना चकवून पुढे गेला की स्वतःलाच गंमत वाटल्यासारखा हसायचा, आणि पुष्कळदा त्या हसण्यात चेंडू घालवायचा. विनू चेंडू घालवायचा नाही. तो घालवायला घाबरायचा, म्हणून त्याच्या दातांवर दात असायचे. 

मग ती मॅच आली. त्या वर्षी आमच्या गावात जिल्ह्याचे सामने होते आणि शेवटचा सामना खामगावच्या टीमशी. नागपूरकडच्या एका मोठ्या गिरणीची टीम तेव्हा फार जोरात होती. गिरणीत नावाला नोकरी, हजेरी लावायची आणि दिवसभर मैदानात खेळायचं, पगार खेळण्याचा. आमच्याकडच्या पोराला अशी जागा मिळणं म्हणजे घराण्याचं सोनं होणं. त्या टीमचा साहेब भाऊजींचा फौजेतला जुना दोस्त, ‘पक्का’वाला तो साहेब नव्हे. तो मुद्दाम सामना बघायला आला होता आणि सकाळपासून गावात कुजबुज होती, की एक पोरगा उचलणार. ताईनं देवापुढे दिवा लावला, आणि विनूच्या शर्टाला इस्त्री केली, जणू साहेब इस्त्री पाहून निवडणार होता.

विनू त्या दिवशी जन्मात खेळला नसेल असा खेळला. मी निंबाखाली भाऊजींच्या शेजारीच बसलो होतो. माझ्यासारख्या चेंडू बघणाऱ्यालाही दिसत होतं, की खामगावचा एकेक हल्ला विनूपाशी येऊन मरतो आहे. त्याचा गुडघा फुटला, पोटरीवर रक्त आलं, त्यानं तिकडे पाहिलंही नाही. पुंडलिक नेहमीसारखा खेळला: काही चुका, काही जादू. आम्ही जिंकलो. पोरं विनूला खांद्यावर घेऊन नाचली. मी भाऊजींकडे वळलो, तर ते जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते.

साहेब निंबाखाली आला, खुर्चीवर बसला, कुणीतरी चहा आणून दिला. विनू चार पावलांवर पाठमोरा बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. साहेब म्हणाला, “मास्टर, जगह एक ही है। तुम्हारा लड़का आज बहुत अच्छा खेला। तुम हां कहो, तो मैं लेके जाता हूँ। तुम्हारी जबान काफी है।”

नाड्या सोडणारे विनूचे हात थांबलेले मला दिसले. भाऊजींच्या कानशिलावरची शीर हलत होती. चहा घेऊन आलेला माणूससुद्धा किटली हातात धरून उभा राहिला. मग भाऊजी म्हणाले, “विनू नहीं चलता। पुंडलिक को ले जाओ।”

साहेब चकित झाला. “क्यों? मेहनती है, मजबूत है।”

“जितना है, उतना आज पूरा खेल लिया,” भाऊजी म्हणाले. “इसके ऊपर कुछ नहीं है। पुंडलिक का अभी शुरू भी नहीं हुआ।”

विनूनं राहिलेल्या नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि अनवाणीच घरी निघाला. त्या मुरमावरून. मी हाक मारली, तो वळला नाही.

घरी ताईनं सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली नाही, रडली नाही. भाऊजींना जेवायला वाढलं आणि समोर उभी राहून म्हणाली, “साऱ्या गावाचे पोरं तुम्ही मापले. मी कधी बोलली नाई. आज बाप व्हाचं होतं, तं तुम्ही पंच झाले.” भाऊजी म्हणाले, “खोटं सांगून पाठवलं असतं, अन दोन वर्सांनं गुडघा फोडून वापस आला असता, मंग?” ताई म्हणाली, “मंग मी शेकला असता त्याचा गुडघा. हे कोन्या फडक्यानं शेकू?” त्या दिवसानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. 

विनूनं खेळ सोडला. भांडला नाही, रुसला नाही; सोडला. त्याची स्टिक ताईनं उंच दांडीवर ओले कपडे टाकायला घेतली, आणि रोज सकाळी भाऊजींचं धोतर त्या स्टिकवरून वर चढू लागलं. भाऊजी ते पाहत आणि अंघोळीचं पाणी घेऊन निघून जात. काही महिन्यांनी विनूला चिखलीला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. तो तिथेच खोली घेऊन राहिला, पुढे लग्न झालं, संसार थाटला. दिवाळीला यायचा, वडिलांच्या पाया पडायचा, पावसापाण्याचं बोलायचा आणि जायचा. बापलेकांचं बोलणं ऐकलं तर वाटावं, की एका बाकावर बसलेले दोन प्रवासी आहेत आणि दोघांनाही पुढच्याच थांब्यावर उतरायचं आहे.

पुंडलिक गिरणीकडे गेला तेव्हा गावानं त्याला हार घातले. उंद्रीहून त्याचे आईवडील आले होते. त्याच्या आईनं भाऊजींचे पाय धरले, तर हे मागे सरकून म्हणाले, “मी काई नाई केलं. त्याच्यात आहे ते सांगतलं.” आणि वर्ष पुरं व्हायच्या आत पुंडलिक परत आला.

तो आला त्या दिवशी मी तिथेच होतो. हातात ताईसाठी नागपूरच्या संत्र्यांची पिशवी, चेहऱ्यावर तेच हसू. भाऊजींना वाटलं, सुट्टीवर आला. त्यानं ओट्यावर बसून सरळ सांगून टाकलं, “मास्तर, मी सोडून आलो.”

“काढलं तुले?” भाऊजींनी विचारलं.

“नाई हो. साहेब तं राह्य म्हने. टीममध्ये होतो मी, साऱ्या मॅची खेळलो.”

“मंग काऊन आला बे?”

पुंडलिकानं संत्र्यांची पिशवी खाली ठेवली. “मास्तर, तठी कोनी हासतच नाई. खेळाले उतरलो का ज्याच्या त्याच्या तोंडावर नोकरी दिसे. बॉल गेला का शेजारचा म्हने, तुह्यापायी माह्ये पोरं उपाशी मरतीन. मी आपला खेळ आवडे म्हनून खेळत होतो. तठी खेळा लागे म्हनून खेळाचं. झोप नाई, जेवन नाई. एक दिवस बॉल आला, अन मले वाटलं, जाऊ दे ना.” मग त्यानं मान वर केली आणि सहज म्हणाला, “विनूले धाडा लागत होतं. त्यानं दात खाऊन काढलं असतं सारं.”

असं म्हणून तो खरोखरच हलका होऊन उंद्रीला गेला. तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला, रविवारी गावच्या पोरांबरोबर बोरीच्या काठ्यांनी खेळू लागला, आणि उंद्रीहून येणारे लोक सांगत, की त्याचं हसणं वेशीपर्यंत ऐकू येतं. हलके झाले नाहीत ते भाऊजी. ते ओट्यावरच बसून राहिले. ताईनं संत्रं सोलून पुढे ठेवलं, ते तसंच वाळलं.

त्यानंतर भाऊजी बदलले. कोणी पोरगा घेऊन आलं, की ते हात जोडून म्हणत, “मले समजत नाई. दुसऱ्या कोनाले दाखवा.” लोकांना वाटलं, म्हातारे झाले, नजर गेली. गावात त्यांच्या पारखीचा दरारा होता, तो पाहता पाहता ओसरला. ज्यांना त्यांनी कधी ‘नाई चालत’ म्हटलं होतं त्यांनी तर चहाच्या हॉटेलात उघड हसून घेतलं. “मास्तरनं घरचं पोरगं मारलं अन बाहीरचं टिकलं नाई,” असं एक जण त्यांच्या देखत म्हणाला. एरवी भाऊजींनी त्याला उभा चिरला असता. त्या दिवशी ते चहाचा कप ठेवून उठून आले. घरात ते ताईच्या स्वयंपाकालाही नावं ठेवीनासे झाले, आणि ताईला त्याचीच भीती वाटू लागली. ती मला म्हणाली, “पोळी जळली तरी मुकाट्यानं खातेत रे. हे काई खरं नाई.”

शाळेतून निवृत्त झाल्यावर एके दिवशी सकाळीच ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “चिखलीले जाऊन येऊ, चाल.” ताईनं दाळीच्या लाडवांचा डबा दिला. वर्कशॉपमध्ये गेलो तेव्हा विनू एका गाडीखाली आडवा होता. नुसते पाय दिसत होते. भाऊजी त्या पायांकडे पाहत उभे राहिले. तो बाहेर आला, वडिलांना पाहून गोंधळला, काळ्या हातांनी नमस्कार कसा करावा म्हणून फडकं शोधू लागला. आम्ही बाहेरच्या टपरीवर बाकावर बसलो. चहा आला. भाऊजींनी कपाला हात लावला नाही.

“विनू,” ते म्हणाले, “त्या दिवशी मी चुकलो.”

विनूनं चहाचा कप उचलला.

“मी हात पाह्यले, पाय पाह्यले, नजर पाह्यली. तुह्या अंगात जे दातावर दात ठेवून राहाचं आहे, ते मी मोजलंच नाई. तठी तेच लागत होतं. तू टिकला असता. तू खेळला असता.”

इतक्या वर्षांत या माणसानं कुणापुढे मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती. मला वाटलं, आता पोरगा बापाच्या गळ्यात पडेल. विनूनं कप खाली ठेवला. त्याच्या बोटांचा काळा ठसा कपावर उमटला होता.

“बाबा,” तो अगदी हळू म्हणाला, “हे काऊन सांगतलं तुम्ही?”

“खरं आहे म्हनून.”

“मी इतके वर्सं काय धरून जगलो, माहीत आहे? बाबा कधी चुकत नाईत. आपल्यात नव्हतंच ते, तं गेलं काय आपलं? राग आला तरी एवढं म्हनलं का झोप येई मले. आज तुम्ही म्हनता, होतं. आता मी काय करू? ह्या वयात स्टिक घेऊन कुठी जाऊ?”

पहिल्या वेळी भाऊजींनी आपल्याला दिसलं तसं खरं सांगितलं होतं आणि पोराचं पुढचं आयुष्य घेतलं. या वेळी पुन्हा खरंच सांगितलं आणि मागच्या आयुष्याचं समाधान घेतलं. खरं बोलणाऱ्याला याहून मोठी शिक्षा मी पाहिलेली नाही. मला त्या क्षणी त्यांच्या त्या फौजेतल्या ‘इस साल पक्का’ म्हणणाऱ्या साहेबाचासुद्धा राग येईना.

मग विनूच उठला. चहाचे पैसे दिले, लाडवांचा डबा काखेत मारला आणि म्हणाला, “चला, गाडीत बसवून देतो. उभं राहा लागीन नाई तं.” बुलढाण्याची गाडी लागली होती. त्यानं कंडक्टरला सांगून वडिलांना खिडकीपाशी जागा करून दिली आणि खाली खिडकीच्या गजांना धरून उभा राहिला. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. सगळी गाडी थरथरली, खडखडली. भाऊजींनी खिडकीतून खाली पाहिलं आणि जरा चाचरत विचारलं, “विनू, पोचंल का रे हे?”

विनूनं मान कलती केली. थोडा वेळ डोळे मिटून तो इंजिनाचा आवाज ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं काही क्षण निघून गेलं आणि नुसतं लक्ष उरलं.

“पोचंल,” तो म्हणाला.

गाडी हलली. धुळीत तो फार वेळ दिसला नाही. भाऊजी रस्ताभर खिडकीबाहेर पाहत होते. बुलढाण्याला उतरल्यावर मला वाटलं, ते सरळ घराकडे वळतील. पण ते लंगडत गाडीच्या पुढच्या बाजूला गेले, ड्रायव्हर उतरेपर्यंत थांबले आणि त्याला म्हणाले, “गाडी चांगली चालते तुमची.”

ड्रायव्हर हसून म्हणाला, “जुनी आहे हो मास्तर. चालते आपली.”

“चांगली आहे,” भाऊजी पुन्हा म्हणाले. “माह्या पोरानं पाह्यली आहे ते.”